अणुवीज केंद्रातले सुरक्षा-बदल, त्यांची मंजुरी आणि सुनावणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बहुतेक उत्तरं अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या, म्हणजे एनआरसीच्या पद्धतीवर बेतलेली आहेत. सुनावणीचा हक्क तिथे थेट कायद्यात लिहिलेला आहे आणि त्यावरचे वादही भरपूर झाले आहेत. इतर देशांचा उल्लेख जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे केला आहे.

‘सुरक्षा-बदल’ म्हणजे नेमकं काय बदलतं?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काहीतरी मोठं यंत्र काढून दुसरं बसवत असतील. तसंही होतं. पण बरेचसे बदल कागदावरचे असतात. एखादी झडप दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी तपासायची, आणीबाणीचा डिझेल जनरेटर दुरुस्तीसाठी ७२ तासांऐवजी १४ दिवस बंद ठेवायची मुभा घ्यायची, जुन्या अॅनालॉग नियंत्रणाच्या जागी डिजिटल यंत्रणा आणायची, अपघाताचं गणित नव्या संगणकीय पद्धतीने मांडायचं. यातलं शेवटचं कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण केंद्रात एक बोल्टसुद्धा हलत नाही. तरी त्या गणितावरच सुरक्षेचं माप ठरतं.

शिवाय ‘सुरक्षा-बदल’ म्हणजे सुरक्षा वाढवणारा बदल, असं गृहीत धरू नका. सुरक्षेशी संबंधित यंत्रणेला हात लावणारा कुठलाही बदल यात येतो, मग तो सूट मागणारा का असेना.

प्रत्येक बदलाला नियामकाची आधी परवानगी लागते का?

नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं.

अमेरिकी नियमावलीतलं कलम ५०.५९ म्हणतं की ठरावीक चाळणीतून बदल पार पडला, तर केंद्राने तो स्वतःच्या अधिकारात करावा. चाळणीत आठ प्रश्न आहेत. अपघाताची किंवा महत्त्वाचं उपकरण बिघडण्याची शक्यता नगण्यापेक्षा जास्त वाढते का? झालाच अपघात, तर परिणाम वाढतील का? आधी कधी विचारात न घेतलेला अपघात संभवतो का? इंधनाचं आवरण, दाबपात्र, कंटेनमेंट (अणुभट्टीभोवतीची भक्कम बंदिस्त इमारत) यांच्यासाठी ठरलेली मर्यादा ओलांडली किंवा बदलली जाते का? मंजूर गणितपद्धत सोडली जाते का? अशा एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं, की परवाना-दुरुस्तीचा, म्हणजे परवान्याच्या अटीच बदलून मागण्याचा, अर्ज करावाच लागतो. परवान्याला जोडलेल्या ‘टेक्निकल स्पेसिफिकेशन्स’मध्ये, म्हणजे केंद्र चालवण्याच्या तांत्रिक मर्यादा आणि अटींमध्ये फेरफार होत असेल तर चाळणीचा प्रश्नच नाही, थेट अर्ज.

आणि सगळ्यांना ‘नाही’ आलं, तर काम करून टाकायचं, नोंद ठेवायची आणि जास्तीत जास्त २४ महिन्यांच्या अंतराने अशा बदलांचा गोषवारा आयोगाला कळवायचा.

म्हणजे परवानगी लागते की नाही, हे केंद्रच ठरवतं?

आधी केंद्रच ठरवतं. आयोगाचे निरीक्षक नंतर त्यातले काही निवडून तपासतात. सुनावणीबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाने हा मुद्दा सर्वांत आधी समजून घ्यावा. अर्जच झाला नाही तर जाहीर सूचना निघत नाही, आणि सूचना नाही तर सुनावणीही नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सान ओनोफ्रे केंद्राचं प्रकरण यासाठी नीट वाचण्यासारखं आहे. तिथल्या दोन अणुभट्ट्यांचे स्टीम जनरेटर २००९ ते २०११ या काळात बदलले. हे प्रचंड नळकांडं असतं. आत हजारो बारीक नळ्या, नळ्यांमधून किरणोत्सारी पाणी वाहतं आणि बाहेरच्या पाण्याची वाफ होते. नव्या जनरेटरमध्ये नळ्यांचा धातू वेगळा होता, नळ्यांची संख्या जास्त होती, मधला आधार काढून टाकला होता. तरीही ‘जुन्यासारखंच नवं’ या भूमिकेतून बदल ५०.५९ खाली बसवला गेला आणि जनरेटर बदलण्याच्या मूळ निर्णयावर सुनावणीची संधी आलीच नाही.

३१ जानेवारी २०१२ला या दोनपैकी ‘युनिट ३’ या अणुभट्टीत एका नळीतून गळती झाली आणि ती बंद करावी लागली. उघडून पाहिलं तर नळ्या थरथरून एकमेकींवर घासत होत्या. अवघ्या वर्षभरात. दाबाच्या चाचणीत आठ नळ्या नापास झाल्या. कंपनीने ‘युनिट २’ ही अणुभट्टी ७० टक्के क्षमतेने चालवून पाहण्याची योजना पुढे केली. पर्यावरणवादी संघटनेने हरकत घेतली की हा प्रयोग म्हणजे आडवाटेने केलेली परवाना-दुरुस्ती आहे. १३ मे २०१३ला आयोगाच्या परवाना मंडळाने, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या मंडळाने, ते मान्य केलं, आणि महिना उलटायच्या आत, ७ जूनला, कंपनीने केंद्र कायमचं बंद करत असल्याचं जाहीर केलं. वादाचा विषयच संपला म्हणून पुढे आयोगाने मंडळाचा तो निर्णय मागे घेतला. त्यामुळे पायंडा म्हणून तो दाखवता येत नाही.

आधीच अर्ज आणि सुनावणी झाली असती तर दोष सापडला असता का? छातीठोकपणे सांगता येणार नाही. मूळ चूक उत्पादकाच्या संगणकीय गणितात होती. नळ्यांभोवतीच्या वाफेचा वेग त्यात प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला होता. आयोगाच्या तज्ज्ञांनीही तो आकडा तसाच स्वीकारला असता, हे शक्य आहे. पण निदान कुणीतरी तिऱ्हाईताने ‘हा आकडा आला कुठून?’ असं विचारायला जागा राहिली असती.

अर्ज गेल्यावर पुढे काय होतं?

आधी अर्ज पूर्ण आहे का ते पाहतात. मग आयोग ‘फेडरल रजिस्टर’ या सरकारी राजपत्रात सूचना छापतो. तिथून दोन घड्याळं सुरू होतात : लेखी सूचना-हरकती पाठवायला साधारणपणे ३० दिवस, सुनावणी मागायला ६० दिवस. लोक पहिली मुदत पाळतात आणि दुसरी विसरतात. पत्र पाठवलं म्हणजे सुनावणी मागितली, असं होत नाही.

त्याच वेळी आयोगाचे अभियंते अर्ज तपासतात, केंद्राला लेखी प्रश्न विचारतात आणि उत्तरं मागवतात. ही प्रश्नोत्तरं सहसा सार्वजनिक असतात. माझं मत विचाराल तर मूळ अर्जापेक्षा तीच आधी वाचावीत. अभियंत्याला कुठे शंका आली ते तिथे उघड दिसतं. शेवटी सुरक्षा-मूल्यमापन अहवाल लिहून दुरुस्ती मंजूर होते किंवा नाकारली जाते. नाकारण्याची वेळ क्वचित येते, कारण नकाराचा रंग दिसला की केंद्र अर्ज मागे घेतं. साध्या अर्जाला वर्षभराचा काळ धरून चाला.

सुनावणी बाकी असताना दुरुस्ती मंजूर कशी होते?

तसं होऊ शकतं, आणि तक्रारी सर्वांत जास्त याच्याच येतात.

पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्राच्या २८ मार्च १९७९च्या अपघातानंतर कंटेनमेंटमध्ये साठलेला किरणोत्सारी क्रिप्टॉन वायू बाहेर सोडायचा होता. परवान्यातल्या त्या बदलावर आधी सुनावणी घ्या, असा आग्रह शेजारच्या रहिवाशांनी धरला. १९८०मध्ये शॉली खटल्यात अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : मागितली तर सुनावणी आधी घ्यावीच लागेल. प्रत्येक किरकोळ दुरुस्ती अडेल म्हणून आयोग धास्तावला. मग अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदाच बदलला आणि जानेवारी १९८३पासून नवी सोय आली. ‘लक्षणीय धोका नाही’ असा निष्कर्ष कर्मचाऱ्यांनी काढला, तर दुरुस्ती लागू होते आणि सुनावणी मागाहून चालते.

निष्कर्षासाठी तीन कसोट्या आहेत. माहीत असलेल्या अपघाताची शक्यता किंवा परिणाम लक्षणीय वाढतात का, नव्याच प्रकारचा अपघात उद्भवू शकतो का, सुरक्षेची शिल्लक लक्षणीय घटते का. या निष्कर्षावर लेखी मत देता येतं, पण त्याच्याविरुद्ध सुनावणी मागता येत नाही. सुनावणी फक्त मूळ दुरुस्तीवर.

ही सुनावणी म्हणजे आपल्याकडची जनसुनावणी का?

नाही. भारतात २००६च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेनुसार होणारी जनसुनावणी पर्यावरण मंजुरीसाठी असते. प्रकल्पाजागी सभा भरते, कुणीही उठून बोलू शकतं, इतिवृत्त लिहिलं जातं. तिथे विषय प्रकल्पाचा परिसरावरचा परिणाम हा असतो, अणुभट्टीतल्या झडपेचा नाही.

एनआरसीची सुनावणी खटल्यासारखी असते. पक्षकार, लेखी पुरावे, तज्ज्ञांच्या साक्षी, तीन सदस्यांचं अणुसुरक्षा व परवाना मंडळ. त्यात सहसा एक कायद्याचा जाणकार आणि दोघे तांत्रिक विषयाचे. सभागृहात माईक घेऊन भावना मांडायला जाल तर निराश व्हाल. पक्षकार नसलेल्यांना छोटं निवेदन करायची मुभा मंडळ देऊ शकतं, पण ते पुरावा म्हणून धरत नाहीत.

आयोग अधूनमधून केंद्राजवळ जाहीर बैठकाही घेतो. त्या माहितीसाठी असतात. बैठकीला गेलात म्हणून कुठलाही कायदेशीर हक्क शाबूत राहिला असं समजू नका.

सुनावणी कोण मागू शकतं?

१९५४च्या अणुऊर्जा कायद्याचं कलम १८९ म्हणतं : ज्याच्या हितसंबंधाला बाधा पोहोचू शकते अशी कुणीही व्यक्ती. नव्या परवान्यासारख्या मोठ्या प्रकरणात केंद्रापासून ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याचा हितसंबंध गृहीत धरला जातो. दुरुस्तीच्या प्रकरणात हे अंतर आपोआप चालेलच असं नाही. बदल असा हवा, की त्याचा परिणाम केंद्राच्या कुंपणाबाहेर पोहोचू शकतो हे उघड दिसावं. नाहीतर तुमच्यापर्यंत धोका कसा येतो, ते तुम्हीच दाखवून द्यायचं. संघटना अर्ज करत असेल तर किमान एका सभासदाचा हितसंबंध आणि त्याची संमती दाखवावी लागते.

हरकत कशी लिहावी म्हणजे ती दाखल होईल?

बहुतेक अर्ज इथेच गळतात. हितसंबंध दाखवणं त्यामानाने सोपं. किमान एक तरी ‘ग्राह्य हरकत’ मांडावी लागते आणि तिच्या अटी कडक आहेत : मुद्दा नेमका असावा, त्यामागचं कारण द्यावं, तो या अर्जाच्या कक्षेतला असावा, निकालावर फरक पाडणारा असावा, तज्ज्ञमत किंवा कागदपत्रांचा आधार हवा, आणि अर्जातल्या कुठल्या भागाशी वाद आहे ते दाखवावं.

समजा, एका केंद्राने डिझेल जनरेटर बंद ठेवायची मुदत ७२ तासांवरून १४ दिवस करून मागितली आहे. हे काल्पनिक उदाहरण, पण अशी मागणी खरोखरच बऱ्याच केंद्रांनी केलेली आहे. आता ही हरकत पाहा :

‘डिझेल जनरेटर बेभरवशाचे आहेत. फुकुशिमात काय झालं ते जगाने पाहिलं. नफ्यासाठी आमचा जीव धोक्यात घालू नये.’

ही फेटाळली जाणार. त्यातलं एकही वाक्य अर्जाला भिडत नाही. आता ही :

‘अर्जाच्या जोखीम-विश्लेषणात जनरेटर सुरू न होण्याचा दर मागच्या पाच वर्षांच्या नोंदींवरून काढला आहे. केंद्राने आयोगाला पाठवलेल्या दोन बिघाड-अहवालांतल्या घटना त्या नोंदीत नाहीत. त्या धरल्या तर दर वाढतो आणि १४ दिवसांच्या मुदतीसाठी दाखवलेली जोखीम-वाढ मर्यादेत राहते का, ते पुन्हा तपासावं लागेल. सोबत विश्वासार्हता-अभियंत्याचं प्रतिज्ञापत्र.’

दुसरी हरकत जिंकेलच असं नाही. पण ती दाखल होण्याच्या लायकीची आहे, आणि केंद्राला उत्तर द्यावं लागेल. त्या दोन घटना वगळण्याचं रास्त कारणही त्यांच्याकडे असू शकतं.

आणखी एक : नियमच चुकीचा आहे, अशी हरकत इथे चालत नाही. अर्ज नियमात बसत नाही असं म्हणा. नियम बदलायचा तर त्यासाठी वेगळी याचिका करता येते.

वकील लागतोच का? खर्च कोण देतं?

स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. कागदपत्रं ऑनलाइन दाखल करावी लागतात आणि त्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र हवं. त्याची मागणी शेवटच्या तारखेच्या किमान १० दिवस आधी करा. हरकतदारांना सरकारी अर्थसाहाय्य अमेरिकेत मिळत नाही. खरा खर्च वकिलापेक्षा तज्ज्ञावर होतो.

कागदपत्रं सगळी पाहायला मिळतात का?

बरीचशी मिळतात. आयोगाच्या ‘अॅडम्स’ या संग्रहात अर्ज, पत्रव्यवहार, निरीक्षण-अहवाल शोधता येतात. उत्पादकाची व्यावसायिक गुपितं असलेली पानं काळी केलेली असतात, आणि सुरक्षारक्षणाचा तपशील तर मिळतच नाही. सुनावणी मागणाऱ्याला गोपनीयतेच्या अटी मान्य करून काही माहिती मागता येते, पण तीही सूचना निघाल्यावर पहिल्या काही दिवसांतच. ६० दिवसांचं घड्याळ तोवर चालूच असतं.

नियामकानेच बदल करायचा आदेश दिला तर?

मग चित्र उलटं होतं. फुकुशिमानंतर, १२ मार्च २०१२ला एनआरसीने तीन आदेश काढले : वीज पूर्ण गेली तरी अणुभट्टीचा गाभा थंड ठेवायला हलवता येणारे पंप आणि जनरेटर हाताशी ठेवणं, विशिष्ट जुन्या रचनेच्या अणुभट्ट्यांना भक्कम वायुनिकास बसवणं, आणि वापरलेल्या इंधनाच्या टाकीतली पाण्याची पातळी दुरून कळेल अशी उपकरणं लावणं.

अशा आदेशावर सुनावणीचा विषय एवढाच असतो, की आदेश कायम ठेवावा की नाही. आदेश अपुरा आहे, आणखी कडक करा, असं म्हणणाऱ्याला सुनावणी मिळत नाही. मॅसॅच्युसेट्सचे महाधिवक्ता बेलोटी यांनी पिलग्रिम केंद्राबाबत हा मुद्दा लढवला आणि १९८३मध्ये अपील न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. आदेश जाचक वाटणाऱ्या कंपनीला दाद मागता येते, आदेश तोकडा वाटणाऱ्या शेजाऱ्याला नाही. मला हे कधीच पटलेलं नाही, पण कायदा तसा आहे.

‘खर्च फार आहे’ म्हणून सुरक्षा-सुधारणा टाळता येते का?

दोन पायऱ्या आहेत. लोकांचं ‘पुरेसं संरक्षण’ होण्यासाठी जे लागतं, त्यात खर्चाचा विचार करता येत नाही. १९८७मध्ये न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्याच्या वरची सुधारणा लादायची असेल तर सुरक्षा भरीव प्रमाणात वाढते आणि खर्च त्या मानाने रास्त आहे, हे आयोगाला दाखवावं लागतं.

वायुनिकासाला गाळणी बसवावी का, हा वाद या दुसऱ्या पायरीवरचा. गाभा वितळल्यावर दाब कमी करायला वायू सोडावा लागला, तर किरणोत्सारी कण गाळणीत अडकतात. चेर्नोबिलनंतर युरोपातल्या अनेक केंद्रांनी ती बसवली. एनआरसीच्या कर्मचाऱ्यांनीही शिफारस केली. आकडेमोडीत खर्चाचं पारडं जड होतं, पण आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टीही धराव्यात असं त्यांचं म्हणणं होतं. मार्च २०१३मध्ये आयोगाने गाळणीची सक्ती केली नाही. गंभीर अपघातातही चालेल असा निकास मात्र मागितला.

प्रत्येक नियम असा हिशेब मांडूनच आला असंही नाही. २२ मार्च १९७५ला अलाबामातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात केबल जिथून जातात त्या भिंतीतल्या फटीतून हवा येते का, हे कामगार पेटत्या मेणबत्तीने तपासत होते. फटीत भरलेल्या फोमने पेट घेतला आणि १,६००हून जास्त केबल जळाल्या. आगीपासून संरक्षणाचे स्वतंत्र नियम त्यानंतर आले.

इतर देशांत लोकांना कुठे बोलता येतं?

कॅनडात परवाना देणं, नूतनीकरण आणि मोठे बदल यांवर आयोग स्वतः जाहीर सुनावणी घेतो. वातावरण खटल्याइतकं ताठर नसतं, आणि सहभागींना अर्थसाहाय्याची योजनाही आहे. मर्यादा अशी, की परवान्याच्या चौकटीतले बदल आयोगापुढे न येता कर्मचारी-स्तरावर हाताळले जातात.

फ्रान्सची पद्धत वेगळी. तिथे दर दहा वर्षांनी प्रत्येक अणुभट्टीचा सुरक्षा-आढावा होतो आणि बदलांचा गठ्ठा एकदमच येतो. ९०० मेगावॉटच्या ३२ अणुभट्ट्या चाळीस वर्षांपुढे चालवण्याच्या अटी नियामकाने २३ फेब्रुवारी २०२१ला ठरवल्या. त्यात वितळलेला गाभा पसरून थंड करण्याची व्यवस्थासुद्धा आहे. आधी मसुद्यावर देशभर मतं मागवली, आणि ३५ वर्षांपुढच्या प्रत्येक अणुभट्टीसाठी स्वतंत्र लोकचौकशीही होते. सगळे बदल एकत्र समोर येतात, हा मला त्यातला मोठा फायदा वाटतो.

जपानमध्ये नवं नियामक प्राधिकरण सप्टेंबर २०१२मध्ये आलं आणि नवे निकष जुलै २०१३पासून जुन्या केंद्रांनाही लागू झाले. लोकांचा जोर तिथे न्यायालयांत आणि प्रांताच्या गव्हर्नरकडे दिसतो. मार्च २०१६मध्ये ओत्सु जिल्हा न्यायालयाने ताकाहामाच्या दोन अणुभट्ट्या थांबवल्या, वर्षभराने ओसाका उच्च न्यायालयाने मनाई उठवली. नियामकही मुदतीबाबत कडक आहे. दहशतवादी हल्ल्याच्या वेळी लागणारी पर्यायी व्यवस्था वेळेत पूर्ण झाली नाही म्हणून सेंदाईची पहिली अणुभट्टी मार्च २०२०मध्ये बंद करावी लागली.

सुनावणीमुळे सुरक्षेची कामं रखडतात, हे खरं का?

दुरुस्तीच्या प्रकरणात सहसा नाही. ‘लक्षणीय धोका नाही’ची सोय त्यासाठीच आहे, आणि बहुसंख्य अर्जांवर सुनावणी मागितलीच जात नाही.

हे नियम असेच राहणार आहेत का?

मे २०२५मध्ये निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने एनआरसीला संपूर्ण नियमावली १८ महिन्यांत नव्याने करायला सांगितलं आहे. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी मुदती आणि कलमांचे आकडे चालू नियमावलीत पुन्हा तपासा.

६० दिवस उलटून गेले. आता काय?

उशिराची हरकत घेता येते, पण सबळ कारण लागतं. ज्या माहितीवर ती आधारलेली आहे ती आधी उपलब्ध नव्हती आणि हाती येताच तुम्ही अर्ज केला, हे दाखवावं लागेल.

तेही जमत नसेल तर आयोगाच्या नियमावलीतल्या कलम २.२०६ खाली कुणीही, केव्हाही, जगाच्या पाठीवर कुठेही राहत असला तरी, आयोगाने परवानाधारकावर कारवाई करावी अशी याचिका करू शकतो. वकील लागत नाही, हितसंबंध दाखवावा लागत नाही. कर्मचारी-मंडळापुढे बोलायची संधी मिळते आणि याचिका पुनरावलोकनासाठी स्वीकारली गेली तर लेखी निर्णयही. मात्र मागितलेली कारवाई जशीच्या तशी क्वचित होते, आणि नकाराविरुद्ध न्यायालयात जायची वाट जवळपास बंद आहे. तरी निरीक्षण-अहवाल, तारखा आणि उपकरणाचं नाव देऊन लिहिलेली याचिका संग्रहात राहते, आणि पुढच्या परवाना-दुरुस्तीच्या वेळी तिचा हवाला देता येतो.